चिंतन बैठकीत काय ठरलं?

आडतीवर असो की सोयरिकीच्या बैठकीत, मी पक्षाचा जुना कार्यकर्ता आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला: "लोकसभेला निवडून आलात, मग पाच महिन्यांत असं काय झालं ओ? तुमच्या पक्षाची दिशा चुकली का?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो. पक्षाचं नाव सांगत नाही. महाविकास आघाडीतला आहे, एवढं पुरे.

2024 च्या जूनमध्ये मराठवाड्यातल्या लोकसभेच्या 8 पैकी 7 जागा आघाडीला मिळाल्या. नोव्हेंबरात विधानसभेच्या 46 पैकी 5. त्यानंतर आमच्या तालुक्याची चिंतन बैठक झाली. पहिला बराच वेळ मतदानाच्या मशिनीवर गेला, मग जातीच्या गणितावर. एका ज्येष्ठांनी 1995 ची आठवण काढली. विलासराव देशमुख लातुरात पडले होते, 1999 ला निवडून आले आणि थेट मुख्यमंत्री झाले; लोक रुसतात, परत येतात, असा त्यांचा सूर. मधली चार वर्षं त्यांनी एका वाक्यात उरकली.

मी नांदेडचा विषय काढला. तिथल्या खासदारांच्या निधनामुळं लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबर, 20 नोव्हेंबरलाच झाली. लोकसभेला काँग्रेस दीड हजाराच्या आतल्या फरकानं आली, आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीनं घेतल्या. खोली एक, दिवस एक, शाईही एकाच बोटाला. सहानुभूती होती, मान्य. पण मशिनीत घोळ होता म्हणणाऱ्यांनी मग तो एकाच मतापुरता कसा, हे सांगावं. माझ्या लेखी काही हजार माणसांनी विचार करून दोन मतं दोन ठिकाणी टाकली. बैठकीत यावर कुणी बोललं नाही. चहा आला.

दिशेवर मात्र सगळे तावातावानं बोलले. कुणी म्हणे देवळात जायला लाजू नका, कुणी म्हणे संविधानाचाच मुद्दा पुन्हा घ्या. मला वाटतं, लोकसभेचं यश आम्ही आपल्या भूमिकेला मिळालेली पावती समजलो. प्रत्यक्षात तो सरकारवरचा राग होता. आंतरवाली सराटीत 2023 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला त्याचा, आणि सोयाबीनच्या भावाचा. सोयाबीनचा राग तर नोव्हेंबरातही गेला नव्हता: हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, आडतीवर त्याच्या बराच खाली.

मग राग असून मत का गेलं? सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचा पैसा, बापाच्या हातात येते. सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 आईच्या खात्यावर आले, आणि कित्येकींच्या आयुष्यात नवऱ्याला न विचारता आलेला तो पहिला पैसा होता. ऐन पावसाळ्यात बाया सेतू केंद्रापुढं रांगा लावून होत्या, खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून बँकेतून परत येत होत्या. तेव्हा समोरच्या पक्षाची पोरं फॉर्म भरून देत फिरत होती आणि आमची मंडळी पारावर बसून "दोन महिन्यांत बंद पडतंय बघा" म्हणत होती. पुढं आमच्या जाहीरनाम्यात महिलांना 3000 आले. दुप्पट आकडा, पण तो सांगायला दारात कुणी गेलं नव्हतं. ज्या बाईला आपण हसलो तिनं आपल्या आकड्यावर विश्वास का ठेवावा?

म्हणून दिशा चुकली का, याला माझं उत्तर अर्धंच आहे. वरच्या नेत्यांनी भूमिका ठरवावी, जरूर भांडावं. पण आमच्या तालुक्यात कित्येक गावांत पक्षाचा माणूस फक्त बूथ एजंट म्हणून, मतदानाच्या दिवशी दिसतो. उरलेला काळ बाजार समिती नाहीतर सोसायटीच्या पॅनेलमध्ये जातो, आणि तिथं समोरच्याशी युती असते (हे सगळ्यांना माहीत असतं, बैठकीत तेवढं काढायचं नसतं). शेतमाल खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून माल परत पाठवला, तर शेतकऱ्याच्या बाजूनं उभं राहायला प्रत्येक गावात एक माणूस नेमा, त्याचं नाव फळ्यावर लिहा, एवढीच माझी मागणी होती.

ठराव एकमतानं मंजूर झाला. नावं अजून आलेली नाहीत. मी दर बैठकीला विचारतो.