आण्णांबरोबर सुमो बघताना

सुमोची तिकिटं स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात. जपानमध्ये सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. चहासुद्धा न घेता मी लॅपटॉप उघडून बसले होते. आखाड्याजवळच्या चौघांच्या बैठका दिसत होत्या, पण तिथं गादीवर मांडी घालून बसावं लागतं आणि आण्णांचे गुडघे तालमीतच कामी आलेले. म्हणून वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या निवडल्या, तर बँकेचा ओटीपी येईना. आला तेव्हा मुदत संपलेली. दुसऱ्या खेपेला तीन ओळी मागच्या जागा मिळाल्या.

वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा होतात, त्यातल्या तीन तोक्योत, र्योगोकु भागातल्या कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात. प्रत्येक स्पर्धा १५ दिवसांची. आम्ही मे २०२५ मध्ये गेलो. नामांकित मल्ल दुपारी उतरतात, त्यामुळे गर्दीही तेव्हाच होते. आण्णांच्या हट्टापायी आम्ही अकरालाच हजर! निम्मं सभागृह रिकामं. धाप लागलेल्या खालच्या श्रेण्यांतल्या पोरांचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता. ही पोरं कुस्तीआधी आखाड्यात मीठ उधळत नाहीत, तो मान वरच्या दोन श्रेण्यांचा. पगारही तिथूनच पुढे. "म्हंजे तालमीत राबायचं आन् उस्ताद घालंल ते खायचं," आण्णा म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं.

पटलं मात्र नव्हतं. ४.५५ मीटरचं रिंगण, माती ठोकून ठोकून कडक केलेली. "ही माती न्हवं, फरशी हाय." पाऊल बाहेर पडलं किंवा तळव्याखेरीज अंगाचा कुठलाही भाग टेकला की खेळ खलास. "पाठ कुठं लागली?" हे मला किमान दहादा ऐकावं लागलं. वजनगटही नाहीत.

जेवायला तळघरात गेलो. तिथं चान्को, म्हणजे मल्लांचं कोंबडी-भाज्यांचं रश्श्याचं जेवण मिळतं. आण्णांनी एक घोट घेतला. "मीठ समदं वर उधळलं वाटतं."

पावणेचारच्या सुमारास मंगोलियाचा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मल्ल, होशोर्यू कमरेला जाडजूड पांढरा दोर बांधून आला. एक पाय उंच उचलून त्यानं जमिनीवर आपटला, तशी सगळी गर्दी एका आवाजात ओरडली. आण्णांचा हात आपोआप मांडीवर पडला. शड्डूच तो!

पुढच्या कुस्त्यांत मी घड्याळ लावून बघितलं. मीठ, पाणी, बैठक, नजरेला नजर, पुन्हा मीठ, असं चार मिनिटांपर्यंत चालतं. कुस्ती चार सेकंदांत निकाली. सुरुवातीला कंटाळलेले आण्णा पाचच्या पुढे त्या नजरेलाच दाद द्यायला लागले. "आता ह्यो भ्यालाय बघ." बहुतेक वेळा तोच हरायचा.

सहाला धनुष्य फिरवण्याचा विधी झाला आणि आम्ही बाहेर पडलो. बाहेरच्या उंच मचाणावर ढोल वाजत होता. स्टेशनात जुन्या योकोझुनांच्या पंजांचे ठसे लावलेत. आण्णांनी एकावर हात ठेवून पाहिला.

"आमच्या वस्तादांचा ह्याच्याहून मोठा हुता," म्हणाले, आणि जिन्याचा कठडा धरून चढायला लागले.