तुम्ही विचारलंत म्हणून : खोट्या विमानात शिकलेल्या पायलटवर भरवसा ठेवायचा का?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात डिचोलीला घरी आले की गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधता बांधता कोणीतरी हा प्रश्न काढतंच. त्यात २०२५ मध्ये एअर इंडिया आणि एअरबसने मिळून गुरुग्रामला नवं पायलट ट्रेनिंग सेंटर उघडलं, १० सिम्युलेटर (हेच ते 'खोटं विमान') बसवणार, १० वर्षांत ५,००० पायलट तयार करणार अशी बातमी आली, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर पण तेच चालू आहे. सगळ्यात सरळ विचारलं ते माझ्या मावशीने. तिला मोपा विमानतळावरून पहिल्यांदाच एकटीने विमानाने जायचं होतं, लेकीकडे, तर म्हणाली, "गो, एक खरं सांग, ज्याने खोट्या विमानात शिकलंय त्याच्या भरवशावर मी खऱ्या विमानात बसू?"

मी तेव्हा घाईत "बस गं बिनधास्त" म्हटलं, पण एवढ्या चांगल्या प्रश्नाला ते काही उत्तर नाही, म्हणून आज नीट लिहितेय.

आधी हे सांगते की मी पायलट नाही. पायलट ज्यात शिकतात ती मशीन नीट चालू ठेवणं हे माझं काम. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून गोव्याबाहेर पडले, आधी बंगळुरू, मग दिल्लीच्या बाजूला, बारा वर्षं झाली. बाहेरून बघितलंत तर सिम्युलेटर म्हणजे उंचच उंच हॉलमध्ये सहा पायांवर उभी असलेली एक पांढरी मोठी खोली, आत जायला छोटा पूल, पूल वर उचलला की ती खोली हलायला लागते. आत मात्र हुबेहूब कॉकपिट. तीच सीट, तेच स्विच, तीच लिव्हर, खिडकीबाहेर रनवे, ढग, पाऊस. आम्ही सगळे त्याला नुसतं 'सिम' म्हणतो.

आणि नाही, त्यात बसणारा माणूस थेट रस्त्यावरून उचलून आणलेला नसतो. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी त्याने छोट्या, खऱ्या विमानात २०० तास काढलेले असतात. मग एअरबस किंवा बोइंग, जे मोठं विमान उडवायचंय, ते तो सिममध्ये शिकतो, नंतर प्रवासी नसलेल्या खऱ्या विमानात काही टेकऑफ लँडिंग, आणि मग प्रवाशांसोबत पण शेजारी ट्रेनिंग कॅप्टन बसवून. म्हणजे मावशीची भीती की ह्याने खरं विमान बघितलंच नाही, ती तर इथेच मिटली.

पण मला खरं बोलायचंय ते पुढचं. लोकांना वाटतं सिम हे खऱ्या विमानाचं स्वस्तातलं रूप, इंधन वाचावं म्हणून केलेलं. पैसे वाचतात, नाही असं नाही, पण मोठं कारण वेगळंच आहे. विमान चांगलं चाललेलं असताना कसं उडवायचं हे विमानातच शिकता येतं, पण ते बिघडल्यावर काय करायचं हे विमानात शिकायला गेलं तर माणसं मरतात. हे मी उगाच मोठ्या शब्दांत सांगत नाहीये, आपल्याच देशात झालंय. ८ मार्च १९९४, दिल्ली विमानतळ. सहारा इंडिया एअरलाइन्सचं बोइंग ७३७ ट्रेनिंगला निघालेलं, आत एक इन्स्ट्रक्टर आणि तीन शिकणारे पायलट. सराव कसला, तर टेकऑफनंतर एक इंजिन गेलं असं समजून विमान सांभाळायचं. आता होडीत एकाच बाजूने वल्हं मारलं की होडी कशी गर्रकन फिरते, तसं एक इंजिन गेलं की विमानाचं नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळतं, ते सरळ ठेवायला पायाने चालू इंजिनाच्या बाजूचं रडर पेडल (शेपटीवरचं सुकाणू वळवणारं) दाबायचं असतं. शिकणाऱ्याने चुकीच्या बाजूचं दाबलं. विमान कलंडून खाली आलं ते विमानतळावर उभ्या असलेल्या एरोफ्लोटच्या विमानावर. चौघंही गेले आणि जमिनीवरची पाच माणसं पण गेली, एकूण नऊ.

एक चुकलेला पाय. माझ्या समोरच्या सिममध्ये ही चूक मी किती वेळा बघितलीय याला हिशोबच नाही, शिकताना होतेच ती. स्क्रीन लाल होते, सगळं थांबतं, इन्स्ट्रक्टर म्हणतो "ओके, परत", आणि एका बटणावर विमान पुन्हा रनवेच्या टोकाला जाऊन उभं राहतं. दहाव्या वेळी पाय आपोआप बरोबर बाजूला जातो. ती चूक होऊन जायला एक जागा मिळाली एवढाच काय तो फरक, पण त्या फरकात नऊ माणसं आहेत हो.

आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी मराठी नाटक असतं, गोव्यात कुठल्या गावात नसतं म्हणा. बाबा त्यात काम करायचे, मी विंगेत स्क्रिप्ट धरून प्रॉम्प्टिंगला. महिना दीड महिना रोज रात्री जेवून तालीम, आणि तालमीत कोण चुकला तर कोणाला काही वाटायचं नाही, उलट दिग्दर्शक काका म्हणायचे, चुकायचं ते इथेच चुकून घ्या रे. त्या तालमीला कोणी खोटं नाटक म्हणत नाही. मावशीला मी शेवटी हेच सांगितलं, आणि तिला ते लगेच पटलं कारण तिचा नवरा पण नाटकातला.

हे मशीन आलं कुठून तेही सांगते, मला ही गोष्ट फार आवडते. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये पहिलं ट्रेनर बनवलं आणि त्याच्या घरचा धंदा होता पियानो आणि ऑर्गन बनवायचा. त्याने काय केलं, तर ऑर्गनचे भाते आणि पंप घेऊन एक लाकडी खोकं हलवलं, आत बसलेल्याला वाटावं विमान वळतंय. आपल्या भजनातल्या पेटीला जो भाता असतो ना, मूळ तत्त्व तेच, हवा भरली की फुगतो, सोडली की बसतो. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून घेतलं. मग १९३४ मध्ये अमेरिकेच्या सैन्याकडे विमानाने टपाल न्यायचं काम आलं, हिवाळ्याच्या धुक्यात, वादळात नुसत्या यंत्रांवर बघून उडवायची सवय नसलेले पायलट एकामागून एक जायला लागले, तेव्हा सैन्याने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. माणसं गेल्यावर जाग आली, तिथेही आणि इथेही.

आता तुम्ही म्हणाल खोली जागच्या जागी हलते मग विमान सुसाट पळाल्यासारखं कसं वाटतं. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो त्याला वेग वाढणं आणि मागे कलणं यातला फरक नुसता ओळखता येत नाही. म्हणून सिम हळूच मागे कलतं, खिडकीतला रनवे मात्र सपाटच दिसत राहतो, तुमचं वजन पाठीवर येतं आणि मेंदू म्हणतो निघालो. पहिल्यांदा मी बसले तेव्हा दोन्ही हातांनी सीट घट्ट पकडली होती, आणि ती मशीन कशी हलते हे मला तेव्हा पाठ होतं तरी.

पण 'खोटं' या शब्दाला आमच्याकडे फार जपावं लागतं. सिम खऱ्या विमानासारखं वागतंय का हे वर्षभर तपासत राहावं लागतं, खऱ्या विमानाच्या उड्डाणात मोजलेले आकडे असतात, त्याच्याशी एकेक गोष्ट ताडून बघायची, किती जोर लावला तर किती वळलं, ब्रेक मारला तर किती अंतरात थांबलं, पुस्तकच असतं जाडजूड चाचण्यांचं, आम्ही त्याला क्यूटीजी म्हणतो, आणि त्याच्यावर डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता टिकते. एकदा एका वयस्कर कॅप्टनने सेशननंतर स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहिला, रडर पेडल हलकं वाटतंय. चाचणीत आकडा मर्यादेच्या आतच होता, आम्हाला वाटलं त्यांना वाटलं असेल. तरी रात्री उघडून बघितलं तर एक भाग झिजायला लागलेला, आठवड्याभरात आकडा पण बाहेर गेलाच असता. मी त्यांना दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं तर म्हणाले, बरं झालं बघितलंत, इथे पायाला चुकीची सवय लागली तर तो पाय तीच घेऊन वर जाणार. तेव्हापासून कोणी 'वाटतंय' असं जरी लिहिलं तरी मी उघडून बघते.

नव्या सेंटरचं मला मनापासून बरं वाटतं, पण १० सिम म्हणून नाही. सिमची मशीन दिवसरात्र चालते, चार चार तासांचे स्लॉट, आणि मशीन कमी, पायलट जास्त, मग कोणाला रात्री २ चा स्लॉट मिळतो. आदल्या दिवशी दुसऱ्या शहरातून येऊन, हॉटेलात अर्धवट झोपून, रात्री २ वाजता इंजिनाला आग लागलेली विझवायची. परीक्षा म्हणून ठीक आहे, विमानं रात्री पण उडतातच, पण शिकायला? दर सहा महिन्यांनी पायलटची सिममध्ये चेक होते, त्यावर नोकरी असते, म्हणून बहुतेक जण इथे येतात ते परीक्षेला आल्यासारखे, चेहरे बघून कळतं. चेकमध्ये कोणी मोकळेपणाने चुकत नाही. एका ठिकाणी मी काम करायचे तिथे पुढचा स्लॉट लागलाय म्हणून डीब्रिफिंग, म्हणजे सेशननंतरची चर्चा, कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या उरकायचे, आणि मला आत तुटायचं, कारण सिममध्ये जे घडलं ते का घडलं हे बसून बोलल्याशिवाय अर्धं ट्रेनिंग तिथेच सांडतं. जास्त मशीन आली तर माणसाला परीक्षेशिवायचा एक तास मिळावा, नुसता चुकायला. शिकवणारे इन्स्ट्रक्टर पण त्याच हिशोबाने वाढवले पाहिजेत, कारण मशीन विकत मिळते, पंचवीस वर्षं उडवलेला आणि शांतपणे समजावणारा माणूस तसा मिळत नाही. नवं सेंटर उघडताना फोटो मशीनचा येतो, मला मात्र त्या फोटोत ब्रिफिंग रूम किती आहेत ते बघायचं असतं.

रात्री मेंटेनन्सचा वेळ असतो तेव्हा दुरुस्तीनंतर आम्हाला सिम चालवून बघावं लागतं, आणि कुठलं विमानतळ लोड करायचं हे आमच्या हातात. मी गोव्याचं जुनं विमानतळ, दाबोळी लावते. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झालं, घरून ते बरं पडतं मला, पण मी लहानपणी बाबांसोबत पहिलं विमान बघितलं ते दाबोळीलाच, पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये बांधलेलं आणि आता नेव्हीचं. रनवे २६ वरून उडालं की समोर समुद्र येतो. दिल्लीच्या जानेवारीत बाहेर धुकं आणि मी आत अरबी समुद्रावर. मग पाऊस चालू करते, आपला जुलैचा, वायपर पूर्ण जोरात तरी काही दिसत नाही असा. पावसाळी हवामानाचं वेगळं ट्रेनिंग असतं आपल्या पायलटना, आणि प्रत्येक वेळी तो पाऊस लावताना मला मावशीसारखी माणसं आठवतात, कुठेतरी १४ एफ वर खिडकीशी बसलेली, मांडीवर खाजं आणि फणसाच्या साटांची पिशवी.

मागच्या हिवाळ्यातलं एक सांगते. एक मुलगी होती, नवीन एफओ म्हणजे को-पायलट, तेवीस चोवीस वर्षांची असेल. पहाटेच्या स्लॉटला होती आणि तिच्याकडून रडरचं तेच होत होतं, पाय योग्य बाजूला जायचा पण उशिरा, विमान डगमगत वर जायचं. चूक म्हणावी तर नाही, पास म्हणावी तर तिला स्वतःलाच पटत नव्हतं. ४ वाजता स्लॉट संपायचा आणि ४ ला माझी मेंटेनन्स सुरू व्हायची, मी टूलबॉक्स घेऊन पुलाजवळ उभी. सहा मिनिटं राहिली होती, आतून इन्स्ट्रक्टरने इंटरकॉमवर मला विचारलं, मॅडम, ही एकदा परत मागतेय, आणि सेट करायलाच चार मिनिटं जातील, चालेल का? मी म्हटलं करा.

दिवा लागला, खोली मागे कलली, मग एकदम डावीकडे झटका आला, मला बाहेरून कळलं इंजिन गेलं. आणि मग झटका तिथेच थांबला, पाय वेळेवर गेला होता. खोली शांत वर जात राहिली, जाणारी खोली नसते ती, जागेवरच असते, पण बघून तसंच वाटतं. तिने आणखी एकदा मागितलं, इन्स्ट्रक्टरने परत विचारलं, मी परत हो म्हटलं.

त्या रात्री मेंटेनन्स सतरा मिनिटं उशिरा सुरू झाली. लॉगबुकात उशिराचं कारण लिहायचा एक रकाना असतो, त्यात मी 'ट्रेनिंग' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.