तुम्ही विचारलंत म्हणून : नटीच्या कंपनीचं सामान बाळासाठी घ्यावं का?

इथे अमेरिकेत आमच्या ओळखीत कुणाचं डोहाळजेवण ठरलं, की मला हमखास फोन येतो. "ताई, तू त्या केमिकलवाल्यांतली ना? मग सांग, जेसिका अल्बाच्या कंपनीचे डायपर आणि साबण घेऊ का? महाग आहेत गं, पण बाळासाठी..." हा सगळा धंदा त्या 'पण बाळासाठी'वरच उभा आहे. मी डिटर्जंटची फॉर्म्युलेशन्स करते, म्हणजे त्यात काय आणि किती घालायचं ते ठरवते, त्यामुळे विचारणारीला माझ्याकडून 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. माझं उत्तर असतं, घ्यायचं तर घे, पण पुढचा चेहरा नको बघू, मागची घटकांची यादी बघ.

या कंपन्यांना मी नाकं मुरडत नाही. हॉलिवूडची नटी असलेल्या अल्बाची 'द ऑनेस्ट कंपनी' 2012 साली बाजारात आली. त्यामागची गोष्ट तिनंच अनेकदा सांगितली आहे: पहिल्या वेळी दिवस गेलेले असताना, बाळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिटर्जंटनं तिनं कपडे धुतले आणि अंगभर पित्त उठलं. कंपनी सुरू होण्याआधी, 2011 मध्ये, ती रसायनांचा कायदा कडक करा म्हणून वॉशिंग्टनलाही जाऊन आली होती. तक्रार रास्तच होती. 1976 च्या रसायन कायद्यानं तेव्हा वापरात असलेली सुमारे 62,000 रसायनं तपासणीशिवाय तशीच राहू दिली होती. कपडे धुण्याच्या बाटलीवर सगळे घटक छापायला लावणारा देशभराचा नियम आजही नाही. कॅलिफोर्नियानं 2017 साली स्वतःपुरता तसा कायदा केला, आणि त्याची अंमलबजावणी 2020 पासून टप्प्याटप्प्यानं झाली. सरकारनं एवढी मोकळी जागा सोडली, तर तिथं कुणीतरी दुकान मांडणारच. नटीनं मांडलं, एवढंच.

घोळ होतो तो 'आमच्यात हे नाही, ते नाही' या याद्यांमध्ये. ऑनेस्टच्या यादीत एक नाव होतं सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, मळ काढणारं आणि फेस आणणारं रसायन. मार्च 2016 मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं दोन प्रयोगशाळांकडून कंपनीचं डिटर्जंट तपासून घेतलं आणि छापलं, की त्यात एसएलएस आहे. कंपनी म्हणाली, छे, आम्ही वापरतो ते सोडियम कोको सल्फेट.

बाहेरच्या माणसाला ही दोन वेगळी रसायनं वाटतात. आमच्या टेबलावर ती अशी दिसतात: खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपासून अल्कोहोल बनवायचं आणि त्याचं सल्फेट करायचं. सगळं मिश्रण तसंच ठेवलं तर ते कोको सल्फेट. त्यातला बारा कार्बनांचा भाग तेवढा वेगळा काढला, तर ते लॉरिल सल्फेट. आता खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्लच, म्हणजे तेच बारा कार्बनांचं, असतं, त्यामुळे कोको सल्फेटमधला सगळ्यात मोठा वाटा लॉरिलचाच निघणार. म्हणजे 'मी शेंगदाणे घालत नाही, फक्त चिवडा घालते' असं म्हणण्यातला प्रकार. कंपनीनं वर्तमानपत्राचं म्हणणं फेटाळलं, पण त्याच वर्षी घटक बदलायचंही ठरवलं. पुढे 2017 मध्ये ग्राहकांनी कोर्टात केलेला दावा साडेपंधरा लाख डॉलर देऊन, चूक कबूल न करता मिटवला.

माझं मत विचाराल, तर त्या डिटर्जंटनं बाळांचं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही. एसएलएसनं कातडीची आग होऊ शकते, हे खरं. त्वचारोगतज्ज्ञ चाचणीत मुद्दाम आग व्हावी म्हणून तेच लावतात. पण कपड्यातून ते खळबळून निघून जातं. बिघडलं ते कंपनीचं नाव, आणि तेसुद्धा 'ऑनेस्ट' असं नाव लावल्यामुळे जरा जास्तच.

'नाही'च्या यादीची आणखी एक बाजू आहे, ती जाहिरातीत येत नाही. ओले वाइप्स म्हणजे बहुतेक पाणीच. पाणी आणि कापड बंद पाकिटात आठवडेच्या आठवडे राहिलं, की बुरशीला आयतं घर. म्हणून त्यात परिरक्षक, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, घालावाच लागतो, आणि पालकांना नेमकी त्याचीच धास्ती. तो जितका सौम्य, तितकं कारखान्यातल्या स्वच्छतेवरचं ओझं जास्त. 2017 मध्ये ऑनेस्टनं काही वाइप्स बुरशी आढळल्यामुळे परत मागवले. कारण मला ठाऊक नाही, पण फॉर्म्युलेशन करणाऱ्या कुणालाही त्या बातमीचं आश्चर्य वाटलं नसणार.

डायपरचं म्हणाल, तर तिथे फरक आणखी कमी. वरचा थर वनस्पतीजन्य असेल, लगदा क्लोरीनशिवाय पांढरा केलेला असेल, छपाई गोड असेल. पण ओल धरून ठेवणारे दाणे बहुतेक सगळ्याच डायपरांत सोडियम पॉलिअॅक्रिलेटचेच, मग पाकिटावर पान काढलेलं असो वा नसो. कचऱ्यात गेल्यावर तेही सगळ्यांचे सारखेच पडून राहतात. पर्यावरणासाठीच घ्यायचे असतील, तर कापडी लंगोट पूर्ण भरल्या मशीनमध्ये धुवा आणि दोरीवर वाळवा. ड्रायर रोज लावलात तर बराचसा फायदा तिथंच जिरतो.

चेहऱ्याचं मोल किती, हे बाजारानंही जोखून पाहिलंय. मे 2021 मध्ये ऑनेस्टचा शेअर 16 डॉलरला विकायला आला. दोन वर्षांत तो दोन डॉलरच्याही खाली होता. अल्बानं 2024 मध्ये कंपनीतलं पद सोडलं. क्रिस्टन बेल आणि डॅक्स शेपर्ड या नट-नटी जोडप्याची, बाळाचंच सामान विकणारी 'हेलो बेलो' 2019 मध्ये वॉलमार्टच्या फळ्यांवर आली, परवडणाऱ्या किमतीचा बोलबाला करत, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. मला ती जास्त आवडायची, हे सांगून टाकते. निदान किंमत बघून घाम फुटत नसे.

तेव्हा पुढच्या फोनला मी सांगणार ते हेच. बाळाच्या कपड्यांना बिनवासाचं डिटर्जंट घे. कुणाच्याही कंपनीचं चालेल, पण 'फ्रॅग्रन्स फ्री' छापलेलं. 'नॅचरल' या शब्दाचे वेगळे पैसे मोजू नकोस. सौंदर्यप्रसाधनांसाठी इथल्या अन्न व औषध प्रशासनानं त्याची व्याख्याच केलेली नाही. पर्यावरण खात्याचा 'सेफर चॉइस' शिक्का दिसला तर बरं, कारण त्यासाठी प्रत्येक घटक तपासला जातो. डायपर जो गळत नाही आणि ज्यानं पुरळ येत नाही तो, आणि ते बाळ आल्यावरच कळणार, म्हणून आधीच मोठ्ठा खोका मागवू नकोस. डोहाळजेवणाला भेट म्हणून कुणी आणलाच, तर पावती मागून ठेव.