मिरजेहून माथेरान: एक दिवस बसायला, एक दिवस उभं राहायला

मिरज जंक्शनवर वाढलेल्या माणसाला नॅरोगेज बघायला माथेरानला जावं लागावं, ही खरं तर लाज वाटायचीच गोष्ट. आमच्या स्टेशनात एके काळी तिन्ही गेज, म्हणजे दोन रुळांमधली तिन्ही मापाची अंतरं, नांदत होती. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आलं, दक्षिणेकडे मीटरगेज तसंच राहिलं, आणि एका कडेला पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी, बार्शी लाइट. घरात कॅमेरा होता, पण तिचा एक फोटो काढला नाही. रोज दारात येणाऱ्या गाडीचा फोटो काढायचा असतो हे तेव्हा कुणाला सुचलं? मग रूळ उखडले, ब्रॉडगेज झालं. सोय झाली, तक्रार नाही, पण अल्बम मात्र रिकामाच राहिला.

म्हणून या हिवाळ्यात आबांना घेऊन निघालो. आबा मूळचे कवठेमहांकाळचे. आजीला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आणायचं तर हीच गाडी, पंढरीला जायचं तरी हीच. वय पंचाहत्तर, गुडघे कुरकुरतात. त्यामुळे सगळी आखणी त्यांच्या गुडघ्यांच्या हिशोबाने केली. वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर तीच आखणी तुम्हालाही उपयोगी पडेल.

माथेरानची छोटी गाडी, टॉय ट्रेन, सुटते नेरळहून. तिथे पोचायला आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. रात्री मिरजेत बसायचं, पहाटे कल्याणला उतरायचं आणि तिथून कर्जत लोकलने उलटं मागे नेरळला यायचं. नकाशात हा फेरा वेडगळ दिसतो, पण रात्रभर झोप होते आणि सकाळच्या पहिल्या टॉय ट्रेनच्या आधी हातात वेळ उरतो. एकच खबरदारी: कर्जत किंवा खोपोली लोकलच धरा. बदलापूर लोकलमध्ये बसलात तर नेरळच्या अलीकडेच उतरवतील.

वर जायला आम्ही गेलो तेव्हा सकाळी दोनच गाड्या होत्या आणि डबे मोजके. तिकीट खिडकीवरच मिळालं, तेही गाडी सुटण्याच्या थोडं आधी. रांगेत एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने सामान सांभाळायचं. इथे माझं चुकलं. ‘इंजिनाचे दोन फोटो काढून येतो’ म्हणून रांग आबांवर सोपवून गेलो. परत येतो तर आबा पुढच्या माणसाशी द्राक्षांच्या भावावर बोलण्यात रंगलेले आणि मागची चार माणसं त्यांच्या पुढे जाऊन उभी. तिकिटं मिळाली, पण डब्यात दाराजवळची जागा गेली. शनिवार-रविवारी तर असला खेळ करूच नका. जमलं तर मंगळवार-बुधवार गाठा.

गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, कधी त्याहून पुढेही. अमन लॉज ते माथेरान हा वरचा छोटा टप्पा मात्र शटलने चालू असतो. पावसाने या मार्गाचे हाल यापूर्वीही केलेत. २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले आणि २०१९ च्या पावसानंतर पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तेव्हा सुट्टी मंजूर करून घेण्याआधी गाडी खरंच चालू आहे का, ते रेल्वेच्या चौकशीवर विचारा. हॉटेलवाल्याला विचारू नका, तो ‘चालू आहे, या’ असंच म्हणणार.

नेरळहून निघालं की जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान. अंतर जेमतेम एकवीस किलोमीटर आणि वेळ अडीच तासांच्या वर. चढ काही ठिकाणी २० ला १, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. वळणं इतकी आवळलेली की शेवटच्या डब्यातून इंजिन खिडकीसमोरून उलटं जाताना दिसतं. १९०७ साली गाडी सुरू झाली तेव्हा या वळणांसाठीच जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने खास चाकांचे आस सरकणारी इंजिनं बनवून दिली होती. पैसा आणि जिद्द आदमजी पीरभॉय घराण्याची. सरकारने नव्हे, मुंबईच्या एका व्यापारी कुटुंबाने डोंगरावर रेल्वे नेली.

आता फोटोंचं. मी जे आयत्या वेळी शिकलो ते तुम्ही आधीच शिकून जा: गाडीत बसून गाडीचा फोटो येत नाही. दरीचे येतात, शेजाऱ्याच्या कोपराचे येतात, वळणावर इंजिनाचा अर्धा तुकडा येतो. तोही शेवटच्या डब्यात बसलात तर. म्हणून दोन दिवस हवेत. एक दिवस बसायला, एक दिवस उभं राहायला.

आणि उभं राहायचं ते सकाळी. माथेरानचा डोंगर नेरळच्या पश्चिमेला आहे आणि रूळ त्याच्या पूर्वेच्या अंगाने चढतात. सकाळचं ऊन थेट गाडीच्या तोंडावर पडतं. दुपार कलली की डोंगराचीच सावली रुळांवर येते आणि उतरणारी गाडी काळवंडते. मी पहिल्या दिवशी दुपारी वरून उतरत्या गाडीसाठी दीड तास थांबलो आणि हाती लागला राखाडी डोंगरावरचा एक राखाडी ठिपका. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दस्तुरी नाक्याहून, म्हणजे वर मोटारी जिथे थांबतात तिथून, टॅक्सीने खाली जुम्मापट्टीच्या बाजूला उतरलो. घाटरस्ता रुळांना ओलांडून जातो, तिथे रस्त्याच्या कडेलाच जागा सापडते. आधी शिट्टी, मग दोन वळणं खाली धूर, मग पुन्हा काहीच नाही, आणि एकदम समोरून इंजिन. गाडी सायकलच्या वेगाने येते, त्यामुळे शटर १/२५० सेकंदाचं पुरतं आणि घाई नसते. लांब पल्ल्याची लेन्स असेल तर दोन वळणं एका चौकटीत घेता येतात. नसेल तर मोबाइलवरही चांगले फोटो येतात.

इंजिनं डिझेल आहेत, हे आधीच मनाशी पक्कं करा. मध्य रेल्वेने एका डिझेलला वाफेच्या इंजिनासारखं रूपडं दिलंय. लहान मुलं खूश होतात. मला ते राजाचा पोशाख घातलेल्या बँडवाल्यासारखं वाटलं. साधं डिझेल जास्त प्रामाणिक दिसतं.

रुळांवर उभं राहून फोटो काढू नका. एक तर गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे कड्याच्या बाजूला अंग चोरायला जागा नसते. लेन्स बदलणार असाल तर हॉटेलच्या खोलीत बदला. माथेरानची लाल माती पिठासारखी बारीक, तिने माझ्या सेन्सरवर आपली सही केली. आणि हातातली पिशवी माकडांपासून जपा. आमचा भडंगाचा पुडा अमन लॉजच्या फलाटावर गेला. सांगलीचा माल त्यालाही आवडला म्हणायचा.

गुडघ्यांचा हिशोब असा: मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, म्हणून टॅक्सीने आलात तर पुढे शटल, घोडा किंवा पायी. गाडीने आलात तर थेट बाजारात उतरता. वयस्करांना गाडीनेच न्या आणि खोली माथेरान स्टेशनच्या आसपास घ्या. पॉइंट दोन कमी बघितले तरी चालतं. सकाळी मी खाली फोटोला गेलो तेव्हा आबा स्टेशनच्या बाकावर चहा घेत निवांत बसले होते.

परत आलो तर गडी खाली वाकलेला. गाडी नव्हती, रूळ मोकळे होते, आणि आबा दोन रुळांमधलं अंतर वितीने मोजत होते.

‘‘तीन विती बी भरंना रं,’’ म्हणाले. ‘‘आपली बार्शी तीन विती चार बोटं होती. शाळेत असताना मोजल्याली.’’

हिशोब बरोबर होता. माथेरानचं गेज दोन फूट, बार्शीचं अडीच. तेवढ्या अर्ध्या फुटाच्या जोरावर बार्शी लाइट डोंगर नव्हे, माणदेशाचं माळरान तुडवत होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये ती सुरू केली. हलके रूळ, आणि प्रत्येक आसावर सारखाच पाच टनांचा भार, म्हणजे कमी खर्चात जास्त माल. मिरजेपर्यंत ती १९२७ मध्ये पोचली. आषाढीला टपावर बसून जायचे लोक, असं आबा सांगतात.

‘‘तिचा फोटो हाय का तुझ्याकडं?’’ आबांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी चहाचा कप उचलला आणि दुपारच्या गाडीची तिकिटं काढायला मला रांगेत पिटाळलं. परतीचं तिकीट वरच्याच खिडकीवर काढावं लागतं, हे लक्षात ठेवा. नेरळला मिळत नाही.