पुण्याची तबकडी क्र. ३: बाराला बरोबर, पाचला २६ मिनिटं मागे

तबकडी क्र. ३ या सूर्यघड्याळाचा घोळ अखेर सुटला. १५ एप्रिलचे, म्हणजे कालसमीकरण (सूर्य वर्षभरात सरासरी वेळेच्या जितका पुढे-मागे असतो तो फरक) जवळजवळ शून्य असतानाचे आकडे असे: घड्याळात बारा वाजले तेव्हा तबकडीवर बरोब्बर बारा. पण सकाळी नऊला ८:४१ आणि संध्याकाळी पाचला ४:३४. शंकूचा, म्हणजे सावली पाडणाऱ्या तिरप्या कडेचा, कोन पुण्याच्या अक्षांशाएवढा, १८.५२ अंशच आहे. पाणसळ ठीक. उत्तर दिशा पुन्हा काढली, तीही ठीक. चूक निघाली रेखांशाच्या दुरुस्तीत.

पुणे ७३.८६ अंश पूर्वेला, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. फरक ८.६४ अंश. अंशाला चार मिनिटं धरून ३४ मिनिटं ३४ सेकंद. हा उशीर भरून काढायला शंकू जागेवर ठेवून तासांच्या रेघांची खालची चकती २.७६ अंश फिरवली होती, बाराची रेघ सावलीवर येईपर्यंत. आडव्या तबकडीत नेमकं हेच चालत नाही, कारण तिच्या तासांच्या रेघा समान अंतरावर नसतात. रेघेच्या कोनाचा टॅन म्हणजे साइन अक्षांश गुणिले होराकोनाचा (स्थानिक माध्यान्हीपासून तासाला १५ अंश) टॅन. पुण्याच्या अक्षांशाला पहिला तास जेमतेम ४.८६ अंशांचा, आणि स्थानिक पाच ते सहा हा एकच तास ४० अंशांचा! मग चकती सरसकट किती फिरवणार? बाराजवळचे ३४ मिनिटं म्हणजे पावणेतीन अंश, पाचजवळचे ३४ मिनिटं म्हणजे जवळपास १४ अंश.

योग्य रीत अशी: आधी प्रत्येक तासाच्या होराकोनातून (सकाळचे कोन उणे धरून) ८.६४ वजा करायचे, मग सूत्रात घालायचं. नऊची रेघ पश्चिमेला २३.३३, बाराची पश्चिमेला २.७६, एकची पूर्वेला २.०३, तीनची १३.१६, पाचची ३५.९७. तबकडी दोन्ही बाजूंना सारखी दिसत नाही, आणि तशी दिसताही कामा नये. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या पितळी तबकड्या दोन्ही बाजूंना सारख्या असतात, बहुतेक परदेशी अक्षांशांच्या. त्या बागेत ठेवाव्यात, वेळ बघायला घेऊ नयेत.

उत्तर दिशेबद्दल एक गोष्ट. गच्चीवर मोबाइलचं होकायंत्र नको, स्लॅबमधल्या सळया त्याला भरकटवतात. माध्यान्हीची ओळंब्याची सावली सगळ्यात भरवशाची. पण एप्रिलच्या मध्यात पुण्यात सूर्य ८१ अंशांवर चढतो आणि माध्यान्हीला सावली मिनिटाला १.६ अंश सरकते. दहा सेकंद चुकले की पाव अंश गेला. डिसेंबरअखेर हाच वेग मिनिटाला अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. दिशा तेव्हाच आखून ठेवावी.

नवी चकती कापायला देणार होतो, पण हे कोन मांडतानाच बेत बदलला. आडवी तबकडी आपल्या अक्षांशाला मुळातच गैरसोयीची आहे: १५० मिमी त्रिज्येवर बाराजवळचं एक मिनिट ०.२ मिमी. त्यापेक्षा विषुववृत्तीय पट्टी घ्यावी: मधल्या तिरप्या दांड्याची सावली भोवतीच्या गोल वाकवलेल्या पट्टीवर पडते. तिच्यात प्रत्येक तास १५ अंशांचा, त्याच त्रिज्येवर ३९.३ मिमी, म्हणजे मिनिटाला ०.६५. आणि ती खरंच फिरवता येते! पट्टी २२.६ मिमी पश्चिमेला सरकवली की पुणे झालं. नागपूरला (७९.०९) सरक ८.९ मिमीच, फक्त दांड्याचा कोन २१.१५ करायचा. मुंबईला (७२.८३) २५.३ मिमी, म्हणजे ३८ मिनिटं ४१ सेकंद. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी १९५५ पर्यंत चाललेली मुंबईची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे होती, ती हीच.

दांडा ३ मिमीचा घ्यायचा. १५० मिमी अंतरावर सूर्यबिंबामुळे सावलीची कड सुमारे १.४ मिमी फिकी होते. १ मिमीच्या तारेला गडद गाभा उरतच नाही, ३ मिमीला १.६ उरतो. वाचायचा त्याचा मध्य.

पट्टी २ मिमी पितळेची. खुणा सपाट असताना मारू नयेत. वाकवल्यावर आतली बाजू आक्रसते आणि बारापासून सहा तासांवर दीड मिमी, म्हणजे सव्वादोन मिनिटांहून जास्त चूक साठते. आधी वाकवावी, मग छापील स्टिकर आत चिकटवावा.

आता हे लिहितानाच सुचलं: पट्टी सरकतेच आहे, तर कालसमीकरणही ती सरकवण्याच्या खाचेत बसवता येईल. ११ फेब्रुवारीला सूर्य सव्वाचौदा मिनिटं मागे, म्हणून पट्टी आणखी ९.३ मिमी पश्चिमेला. ३ नोव्हेंबरला तो १६ मिनिटं २५ सेकंद पुढे, म्हणून १०.७ मिमी पूर्वेला. पुण्याच्या खुणेभोवती एकूण २० मिमीची खाच आणि कडेला तारखा. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या चारही तारखा शून्याच्या एकाच रेघेवर येतात, म्हणून तारखांच्या चार ओळी कराव्या लागतील: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फेब्रुवारी ते मे, मे ते जुलै आणि जुलै ते नोव्हेंबर. खाचेला एम४ चा (४ मिमी आट्यांचा) पंखाचा नट पुरेल. स्टिकरची फाइल तयार झाली की पट्टी वाकवायला घ्यायची.