बेस गिटारला क्रोमची झाकणं बसवताना

आमच्या ऑर्केस्ट्रात साठ-सत्तरच्या दशकातली गाणी जास्त. माझा बेस गिटार ‘प्रिसिजन’ या जुन्या मॉडेलच्या धाटणीचा. तारांचं कंपन टिपणारा पिकअप आणि तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात तो ब्रिज, दोन्ही उघडे. आवाज छान, पण सूर छेडला की तो गुंजत राहतो आणि ढोलकीच्या दोन थापांमधली मोकळी जागा भरून टाकतो. ते मला फार खटकायचं.

फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस काढला तेव्हा पिकअप आणि ब्रिज या दोन्हींवर क्रोमची झाकणं असायची. ब्रिजच्या झाकणाखाली तारांना टेकणारी मऊ पट्टी असे, त्यामुळे सूर लवकर विझायचा. बऱ्याच वादकांनी झाकणं काढून टाकली. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन याने मात्र आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर ती ठेवली, आत फोम होता, आणि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने तो वाजवायचा. तो ठसठशीत, गोल आवाज ऐकल्यापासून माझ्या डोक्यात हेच होतं.

झाकणं ऑनलाइन मागवली. खरी भीती छिद्रांची होती. चकचकीत रंगावर ड्रिल चालवायचं म्हणजे हात कापतोच. ओळखीच्या सुतारमिस्त्रींकडे बेस घेऊन गेलो. त्यांनी तारा सैल करायला लावल्या, झाकण जागेवर धरून चिकटपट्टीवर पेन्सिलने खुणा केल्या आणि टोच्याने हलकीशी खूण पाडली. मग ड्रिल उलटा फिरवून आधी फक्त रंगाचा थर घासला. “सरळ घातलं तर कडेला टवका उडतो, दादा,” म्हणाले. त्यानंतर स्क्रूचे आटे सोडून मधल्या दांड्याएवढंच भोक, तेही बिटला टेप गुंडाळून, म्हणजे खोल जायला नको. स्क्रूला साबण चोळला. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. एकही टवका नाही.

घरी आल्यावर अडचण कळली. मी अंगठा पिकअपवर टेकवून वाजवतो आणि आता पिकअप झाकलेला. चार दिवस हात अधांतरी राहून मनगट दुखलं. मग अंगठा टेकवायची लाकडी पट्टी घेतली. जुन्या बेसवर ही पट्टी पातळ तारेच्या बाजूला असे, कारण लोक चार बोटं तिला धरून अंगठ्याने छेडत. मी ती जाड तारेच्या बाजूला लावली, पण आधी दुहेरी टेपने चिकटवून आठवडाभर जागा बदलत राहिलो. बोटं झाकणाच्या पुढे, गळ्याकडे पडू लागली आणि आवाज आपोआप जाडसर झाला.

सगळ्यात जास्त वेळ फोमने खाल्ला. पहिला तुकडा इतका दाटला की सूर ओळखूच येईना, नुसता फळीवर ठोकल्यासारखा ठप्प आवाज. ब्लेडने जेमतेम दोन मिलिमीटरची चकती काढायची, परत बसवायचं, ऐकायचं. पाचव्या वेळी जाड तारा बरोबर आल्या, पण सर्वांत पातळ तार, म्हणजे ‘जी’ (G) सुराची, अजून वाजत राहायची. तिच्याखाली बोटाच्या पेराएवढी वेगळी चिंधी सरकवली आणि जमलं.

तालमीला पहिल्याच गाण्यात ढोलकीवाल्या काकांनी मान वर केली. “आज मला माझी थाप ऐकू येतेय,” म्हणाले, आणि आम्ही तेच गाणं पुन्हा घेतलं.