तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवर सांगाडा कशाला?

घरी येणारं प्रत्येक माणूस टेकायच्या आधी हेच विचारतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

फोटो लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधल्या नाइटिंगेल नवरा-बायकोच्या स्मारकाचा आहे, शिल्पकार रूबिलियाकनं १७६१ साली घडवलेलं. खालच्या दारातून कफन पांघरलेला मृत्यू अर्धा बाहेर आलाय, भाला वर रोखलाय, वर बाई नवऱ्याच्या अंगावर कलंडलीये आणि तो हात पुढे करून त्याला अडवतोय. भयंकर आहे, मान्य. पण मी काही स्मशानवेडी नाहीये हो.

कलर फोटो ढिगानं मिळतात, मग हाच का? कारण हा जुन्या काळचा अल्ब्युमिन प्रिंट आहे, म्हणजे कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर. वयानं तो पिवळा पडतो आणि मग संगमरवर दगड वाटत नाही, आजारी माणसाची कातडी वाटते. शिवाय तेव्हा अंधाऱ्या चर्चमध्ये कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागायचा, त्यामुळे समोरून कोणी चालत गेलं असेल तरी उमटलंच नाही, जे हललं नाही तेवढंच राहिलं.

आता तो उजवीकडचा डाग. तो मीच पाडलाय. फ्रेम बदलताना वाटलं जरा धूळ पुसून घेऊ, चांगलं मऊ कापड घेतलं, किंचित ओलं केलं, आणि दोनदा फिरवलं तर कापडावर तपकिरी काहीतरी आलं, मला वाटलं मळ निघतोय म्हणून खूश होऊन तिसऱ्यांदा फिरवलं. मळ नव्हता तो, फोटोच होता. दाराच्या कडेला रुपयाएवढी जागा खरवडल्यासारखी झाली, वाळल्यावर भोवती बारीक तडे गेले. कोणी विचारलं की "आधीपासूनच होता" असं सांगायचे. कितीतरी वर्षं.

आणि हो, "मला फक्त कोरीवकाम आवडतं, त्या कापडाच्या चुण्या बघा" हेही मीच सांगायचे. अर्धवट खरं होतं ते. ती बाई, लेडी एलिझाबेथ, १७३१ साली गेली, आकाशातली वीज चमकल्याच्या भीतीनं गर्भपात होऊन. नवरा १७५२ मध्ये. मुलानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं म्हणून हे स्मारक झालं. म्हणजे दगडातला हात पुढे आला तेव्हा अडवायला काही उरलंच नव्हतं, आणि हात पुढे करणाराही नव्हता. हे कळल्यापासून चुण्यांकडे लक्षच जात नाही माझं. कधी कधी मात्र सगळं नाटकी वाटतं, रूबिलियाकचाच राग येतो, फोटो काढून ठेवावासा वाटतो.

मागच्या महिन्यात काढलाही होता. चार दिवस खिळा तेवढा दिसत राहिला.